पडद्यावरचा गोवेकर, पडद्यामागचा गोवेकर

साठ-सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमात ख्रिश्चन पात्र आलं की पुढचं बरंचसं आधीच ठाऊक असायचं. पुरुष असेल तर हातात बाटली, तोंडी ‘मॅन’ आणि मोडकंतोडकं हिंदी. बाई असेल तर आखूड फ्रॉक आणि क्लबातला नाच.

त्याच काळात पडद्यामागे काय चाललं होतं ते पाहिलं की यातला अन्याय कळतो. संगीतकाराची चाल वाद्यवृंदासाठी बांधायची, व्हायोलिन-ट्रम्पेटचे तुकडे लिहून काढायचे, ही कामं मोठ्या प्रमाणावर गोव्याचे ख्रिश्चन वादक करत. पाश्चात्त्य स्वरलिपी त्यांच्यातले कित्येक जण गावच्या चर्चच्या शाळेत शिकून आलेले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं संयोजन सेबॅस्टियन डिसोझा करत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्यांनी गुरूचं नाव गाण्यात गुंफलं. ते नाव देशभर गाजलं. पडद्यावर मात्र त्या नावाचा माणूस देशी दारूचा गुत्ता चालवतो.

प्रेक्षकांना हा साचा खरा का वाटतो? डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना ३९ वाक्यं वाचायला दिली. २६ वाक्यं ‘अ’ गटातल्या माणसांबद्दल, १३ ‘ब’ गटातल्या. ‘अ’मध्ये १८ चांगल्या वागणुकी आणि ८ वाईट, ‘ब’मध्ये ९ आणि ४. प्रमाण तंतोतंत सारखं. तरीही वाचणाऱ्यांनी वाईट वागणुकीतला प्रत्यक्षाहून बराच मोठा वाटा ‘ब’च्या माथी मारला. गट लहान, वाईट वागणूकही तुलनेनं कमी. दोन्ही एकत्र आली की नजरेत भरतात आणि स्मरणात चिकटतात, असं संशोधकांचं स्पष्टीकरण होतं. या गटांना नावं नव्हती, त्यांच्याशी कुणाचं वैरही नव्हतं. म्हणजे मनात द्वेष नसतानाही हिशेब चुकतो.

प्रयोगातलं वाक्य आणि सिनेमातला प्रसंग एक नव्हे, हे मान्य. पण २०११च्या जनगणनेत देशात ख्रिश्चन २.३ टक्के होते, गोव्यातही जेमतेम चौथा हिस्सा. उत्तरेकडच्या कित्येक गावांत ख्रिश्चन शेजारी नाहीच. तिथल्या प्रेक्षकाची पहिली ओळख पडद्यावरच होते. आणि सिनेमात तर प्रमाणही सारखं नसतं, चांगल्या वाक्यांना आधीच कात्री लागलेली असते.

मग एखादं गोड पात्र आणलं की भागेल का? रेने वेबर आणि जेनिफर क्रॉकर यांनी १९८३ साली वकील आणि ग्रंथपालांबद्दलचे समज घेऊन हेच तपासलं. साच्याविरुद्धची माहिती मोजक्या माणसांत एकवटली, तर वाचणारे त्यांना अपवाद म्हणून बाजूला काढत आणि समज फारसा हलत नसे. तीच माहिती अनेकांत विखुरली की समज जास्त ढिला पडे. ‘अमर अकबर अँथनी’तला अँथनी दिलदार आहे, सगळ्यांचा लाडका आहे, तरी साचा टिकला, त्याचं एक कारण मला इथे दिसतं. त्यामुळे एका सद्गुणी नायकापेक्षा मला पटकथाकारांकडून भरपूर किरकोळ भूमिका हव्या आहेत: मडगावची बँक अधिकारी, गणिताचे मास्तर, नायिकेची डॉक्टर. आडनाव फर्नांडिस, आणि त्या आडनावाचा कथेशी काडीचाही संबंध नाही.