मौद्याच्या चिमण्या, भेडामाऱ्याची तार: एनटीपीसीच्या विस्ताराची पार्श्वभूमी

एनटीपीसी ही केंद्र सरकारची वीज कंपनी. नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याचं तिचं औष्णिक केंद्र 2320 मेगावॉटचं आहे. कोळसा खाणींचा, पाणी वैनगंगेवरच्या गोसीखुर्दचं, आणि वीज महाराष्ट्रासह पश्चिमेकडच्या अनेक राज्यांना. हीच कंपनी आज बांगलादेशात भागीदारीत वीज बनवते, श्रीलंकेत सौर प्रकल्पाला हात घालते, आणि 2024 च्या नोव्हेंबरात तिच्या ‘ग्रीन एनर्जी’ या उपकंपनीनं शेअर बाजारातून 10,000 कोटी रुपये उभे केले. कोळशाची कंपनी परदेशात आणि उन्हाच्या धंद्यात कशी गेली, हे आपल्या भागातल्या माणसानं नीट समजून घ्यायला हवं, कारण त्याचा पाया कोळशाच्या पट्ट्यातच घातला गेला.

1948 च्या वीज कायद्यानं वीज राज्यांच्या मंडळांकडे दिली. महाराष्ट्राचं मंडळ 1960 चं. कोराडी आणि चंद्रपूरची मोठी औष्णिक केंद्रं त्याच मंडळानं उभारली. पण सगळ्याच राज्यांकडे कोळसा नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे पैसा नव्हता. 1973 पर्यंत खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. मग 7 नोव्हेंबर 1975 ला केंद्र सरकारनं नॅशनल थर्मल पॉवर कॉर्पोरेशन, म्हणजेच एनटीपीसी, काढली. नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कोळसा कंपनीही त्याच वर्षीची.

तेव्हाचा हिशेब सरळ होता. आपल्याकडच्या कोळशात शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राखच निघते. तो कोळसा रेल्वेनं हजार किलोमीटर न्यायचा म्हणजे राखेचंही भाडं भरायचं. त्यापेक्षा खाणीच्या तोंडाशी केंद्र बांधा आणि तारेनं वीज न्या. सिंगरौलीचा पहिला संच 1982 ला सुरू झाला, पाठोपाठ कोरबा, सिरोंच्याच्या पलीकडे तेलंगणातलं रामगुंडम, मग विंध्याचल. वीज स्वस्त पडली. राख मात्र जिथली तिथेच राहिली, खाणीच्या गावाजवळ. राष्ट्राच्या हिशेबात ती खर्चाची बाजू फार उशिरा आली. राखेच्या वापराची पहिली अधिसूचनाच 1999 ची आहे.

या केंद्रांची वीज राज्यांत वाटायचं सूत्र ठरलं. 85 टक्के वीज राज्यांना ठरवून द्यायची, त्यात वीज केंद्र ज्या राज्यात आहे त्याला वेगळा वाटा. उरलेले 15 टक्के दिल्लीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या हातात, जिथं टंचाई असेल तिथं फिरवायला. कागदावर ही किरकोळ तरतूद वाटते. पण माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली याच 15 टक्क्यांत आहे.

त्याआधी तारांचं बघू. देशातली वीज पूर्वी पाच वेगळ्या ग्रिडमध्ये, म्हणजे तारांच्या जाळ्यांत, वाहायची आणि पश्चिम व दक्षिण ग्रिडची फ्रिक्वेन्सी (विजेची लय) जुळत नव्हती. दोन्हींना सरळ जोडलं तर एकीकडचा धक्का दुसरीकडे बसणार. यावरचा एक तोडगा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावतीला उभा राहिला. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथं वीज बदलणाऱ्या यंत्रांचे 500 मेगावॉटचे दोन संच बसले. एका बाजूनं आलेली एसी (दिशा बदलत वाहणारी) वीज आत डीसी (एकाच दिशेनं वाहणारी) होते आणि त्याच आवारात पुन्हा एसी होऊन दुसऱ्या बाजूनं रामगुंडमकडे जाते. दोन ग्रिड एकमेकांना न चिकटता देवाणघेवाण करतात. त्याच काळात चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे 750 किलोमीटरची डीसी लाईनही टाकली गेली, 1500 मेगावॉटची, विदर्भातली वीज मुंबईच्या बाजूला नेणारी. ती आली तेव्हा ज्या वावरांवरून गेली, त्या गावांत ओलिताला पूर्ण वेळ लाईन नव्हती, हेही इथं नोंदवून ठेवायला हवं.

भद्रावतीत जे यंत्र दोन ग्रिडसाठी बसलं, त्याच धर्तीचं 500 मेगावॉटचं केंद्र पुढे बांगलादेशातल्या भेडामाऱ्याला बसलं, दोन देशांसाठी. पश्चिम बंगालमधल्या बहरामपूरहून तिथपर्यंत लाईन गेली आणि ऑक्टोबर 2013 मध्ये तिचं उद्घाटन झालं. त्यातली 250 मेगावॉट वीज एनटीपीसीच्या केंद्रांतून, केंद्र सरकारच्या हातातल्या त्याच 15 टक्क्यांतून दिली गेली. विकणारी होती एनटीपीसीची 2002 साली स्थापन झालेली व्यापारी उपकंपनी, एनव्हीव्हीएन. नेपाळची 40 मेगावॉट जलविद्युत भारतीय तारांतून बांगलादेशला पोचवायचा ऑक्टोबर 2024 चा करार झाला, त्यातही मधला दुवा हीच कंपनी.

बांधकामाची वाट जास्त खडतर निघाली. 2012 मध्ये बांगलादेशच्या वीज मंडळाशी निम्म्या-निम्म्या भागीदारीत कंपनी झाली आणि खुलना भागात रामपालला 1320 मेगावॉटचं कोळसा केंद्र ठरलं. ते सुंदरबनपासून साधारण 14 किलोमीटरवर. तिथं मोर्चे निघाले, युनेस्कोनं आक्षेप घेतला, तरी केंद्र उभं राहिलं. श्रीलंकेत उलटं घडलं. त्रिंकोमालीजवळच्या सामपूरला 500 मेगावॉटचं कोळसा केंद्र व्हायचं होतं, ते 2016 मध्ये श्रीलंका सरकारनं रद्द केलं. युद्धात विस्थापित झालेली माणसं त्या परिसरात परतत होती. एप्रिल 2025 मध्ये त्याच सामपूरला 120 मेगावॉटच्या सौर प्रकल्पाची पायाभरणी झाली, भागीदार तेच: एनटीपीसी आणि श्रीलंकेचं वीज मंडळ.

आता उन्हाकडे. जानेवारी 2010 मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं तेव्हा सौर विजेचा नियामकानं ठरवलेला दर युनिटला अठरा रुपयांच्या आसपास होता. एवढी महाग वीज कोणतं राज्य घेणार? सरकारनं मार्ग काढला तो असा: एनव्हीव्हीएननं 1000 मेगावॉट सौर वीज विकत घ्यायची, तिच्यात दिल्लीच्या कोट्यातली 1000 मेगावॉट स्वस्त कोळसा वीज मिसळायची, आणि हे मिश्रण राज्यांना परवडेल अशा दरात विकायचं. सौर पॅनल दिवसा काही तासच चालतं, म्हणून युनिटांत मोजलं तर मिश्रणात कोळशाचा भाग कितीतरी मोठा. लहान पोराला खांद्यावर बसवून जत्रा दाखवावी, तसं कोळशानं सौर विजेला सुरुवातीची वर्षं उचलून नेलं. 2017 मध्ये राजस्थानातल्या भडलाला दर 2 रुपये 44 पैशांवर आला आणि त्या मिश्रणाची गरज संपत गेली.

एनटीपीसीचे स्वतःचे सौर प्रकल्प लहानच होते, 2013 चा दादरीचा 5 मेगावॉटचा. वेग नंतर आला. 2020 मध्ये एक अक्षय ऊर्जा कंपनी, एप्रिल 2022 मध्ये एनटीपीसी ग्रीन एनर्जी, आणि 2032 पर्यंत 60,000 मेगावॉटचं उद्दिष्ट. रामगुंडमच्या जलाशयावर 100 मेगावॉटची तरंगती पॅनलं 2022 मध्ये पूर्ण झाली, म्हणजे जुन्या कोळसा केंद्राच्या पाण्यावर नवी वीज. कोळशाची केंद्रंही थांबलेली नाहीत. मौद्याचा पहिला संच 2013 चा, चौथा 2017 चा. अशा केंद्रांचे वीज करार साधारण पंचवीस वर्षांचे असतात, तेव्हा इथली राख अजून बराच काळ निघत राहणार.

विदर्भातल्या कास्तकाराला या सगळ्यातून काय मिळालं, याचं उत्तर मला कंपनीच्या ताळेबंदात सापडत नाही, वावराजवळच्या डीपीपाशी (ट्रान्सफॉर्मरपाशी) सापडतं. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर आठवड्यातले काही दिवस थ्री फेज लाईन रात्री येते. टॉर्च आणि काठी घेऊन धुऱ्यावरून जायचं, मोटर चालू करायची, साप-वाघाचं भय मनात ठेवून पहाटेपर्यंत बारे मोडत बसायचं. ज्या जिल्ह्यांनी मुंबईला वीज पाठवली त्यांची ही रात्रपाळी मला आजही अन्यायाची वाटते.

त्यावरचा उपाय एनटीपीसीकडून थेट आला नाही, राज्याकडून आला. 2017 ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना शेतीचे फीडर (शेतांना वीज पुरवणाऱ्या लाईन) दिवसा सौर विजेवर चालवायची होती. तिच्या पहिल्या दोन जागांपैकी एक यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी. राज्यातले यातले काही प्रकल्प ईईएसएलनं घेतले, आणि ती एनटीपीसीसह चार सरकारी कंपन्यांनी मिळून काढलेली कंपनी. 2023 च्या दुसऱ्या टप्प्यात जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ ठरली. एकराला साधारण 50,000 पडतात. कोरडवाहू पऱ्हाटीच्या वावराला एवढी खात्रीची रक्कम क्वचितच सुटते. औष्णिक केंद्रासाठी जमीन एकदाच गेली आणि एकदाच मोबदला आला. इथं सातबारा कास्तकाराच्याच नावावर राहतो.