नदीच्या काठाला पडायचं असतं का?

रसायनशास्त्राच्या शिकवणीत हमखास कानावर पडणारं एक वाक्य आहे: ‘सोडियमला आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा असतो आणि क्लोरीनला तो हवाच असतो.’ हे बोलणं आपल्याकडे इंग्रजीतून आलं. इंग्रजीत अणू, रेणू, पाणी, उष्णता यांना सर्रास काही ना काही ‘हवं’ असतं. मराठीत विज्ञान लिहिणारा माणूस अशा वाक्यापाशी थांबतो. मूळ वाक्यातली इच्छा तशीच ठेवायची, की तिच्या जागी ‘कल’ किंवा ‘प्रवृत्ती’ लिहायचं?

आधी सोडियमचं खरं काय ते पाहू. वायुरूपातल्या सुट्या सोडियम अणूंकडून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायला एका मोलमागे (मोल हे अणूंची संख्या मोजायचं एकक) सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च करावी लागते. तो इलेक्ट्रॉन क्लोरीनला मिळाला की सुमारे ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे हा व्यवहार १४७ किलोज्यूल तोट्याचा आहे. एकमेकांपासून दूर असलेले हे दोन अणू आपण होऊन देवाणघेवाण करणार नाहीत. मीठ तयार होतं ते पुढच्या पायरीमुळे. विरुद्ध प्रभारांचे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले आणि मिळवलेले अणू, जवळ येऊन स्फटिकात रचले जातात तेव्हा मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात, आणि त्यात तोटा भरून निघून भरपूर शिल्लक राहते. ‘सोडियमला द्यायचा असतो’ असं एकदा म्हटलं की विद्यार्थी हा हिशेब मांडतच नाही, कारण इच्छेला कारण विचारायचं नसतं. म्हणून ते वाक्य मला खटकतं.

तरीही इच्छा आणि कल यांची ही सरमिसळ केवळ शिक्षकांच्या आळसातून आलेली नाही. ती भाषेत फार खोलवर आहे. तिची मला माहीत असलेली सर्वांत सुंदर चर्चा दोन हजार वर्षांहून जुनी आहे आणि ती पाणिनीच्या एका सूत्राभोवती झालेली आहे.

संस्कृतात ‘करण्याची इच्छा’ सांगायला वेगळा शब्द जोडावा लागत नाही. धातूचं पहिलं अक्षर दुणावतं, मागे ‘सन्’ नावाचा प्रत्यय लागतो आणि इच्छा धातूच्या पोटातच येते. पिण्याची इच्छा ती पिपासा, जाणण्याची ती जिज्ञासा, सुटण्याची इच्छा असलेला तो मुमुक्षू. मराठीने हे शब्द तयार स्वरूपात घेतले. (चिकित्सा, मीमांसा, जुगुप्सा हेही त्याच साच्याचे, पण त्यांतली इच्छा पाणिनीच्या आधीच विरून गेलेली होती, म्हणून त्याने त्यांच्यासाठी वेगळी सूत्रं केली.) इच्छेच्या अर्थाने हा प्रत्यय लागतो, असं पाणिनी तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच सांगतो.

अडचण दाखवली पाणिनीच्या सूत्रांवर टिपणं लिहिणाऱ्या कात्यायनाने. लोक ‘कूलं पिपतिषति’ असं म्हणतात. शब्दशः अर्थ, नदीचा काठ पडू इच्छितो. ‘अश्मा लुलुठिषते’, दगड गडगडू इच्छितो. काठाला आणि दगडाला कुठली आली इच्छा? म्हणून त्याने पुरवणी सुचवली: अचेतन वस्तूंच्या बाबतीत, काहीतरी होईल अशी शंका असताना, हाच प्रत्यय लागतो असं वेगळं सांगावं. त्यात आणखी एक पेच होता. ‘श्वा मुमूर्षति’, कुत्रा मरायला टेकला आहे. कुत्रा तर सचेतन आहे, पण मरायची इच्छा त्याला नाही. म्हणजे नुसतं ‘अचेतन’ म्हणूनही भागत नाही.

यानंतरचा युक्तिवाद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ विचार करत बसलो होतो. कात्यायन स्वतःच दुसरा पर्याय मांडतो की पुरवणीची गरजच नाही: ‘इच्छाया हि प्रवृत्तित उपलब्धिः’. इच्छा आपल्याला कळते ती प्रवृत्तीवरून, म्हणजे वागण्यावरून. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला पतंजली ‘महाभाष्य’ या आपल्या टीकाग्रंथात ते उलगडून सांगतो. चटई विणू इच्छिणारा माणूस ‘मी आता चटई विणणार’ अशी दवंडी पिटत नाही. त्याच्या हातात दोरी, खुंटी आणि गवताची पेंढी दिसते, आणि त्यावरून आपण त्याची इच्छा ओळखतो. काठाचंही तसंच आहे. पडू पाहणाऱ्या काठाची ढेकळं निखळतात, त्याला भेगा पडतात, तो जागचा सरकतो. मरायला टेकलेली कुत्री एकांतात जाऊन बसतात, त्यांचे डोळे सुजतात. दोन्हीकडे आपल्या हाती असतात ती फक्त चिन्हं. दुसऱ्याच्या मनात आपल्याला कधीच शिरता येत नाही, त्यामुळे ‘याला करायचं आहे’ आणि ‘हे होऊ घातलं आहे’ ही दोन अनुमानं एकाच जातीच्या पुराव्यावर उभी राहतात. मग भाषेने दोन्हींना एकच रूप दिलं तर नवल काय?

पतंजलीची चिन्हांची यादी किती नेमकी आहे हेही पाहण्यासारखं आहे. दरडप्रवण डोंगरउतार तपासणारे भूवैज्ञानिक आजही जमिनीतल्या भेगा, सुटणारी माती आणि झुकलेली झाडं पाहतात.

याच चर्चेत आणखी एक पर्याय येतो: सगळंच चेतनायुक्त आहे असं मानावं, म्हणजे अडचण उरत नाही. तिथे शिरीषाचं झाड झोपतं, लोखंड लोहचुंबकाकडे जातं, अशी उदाहरणं दिली आहेत. एवढ्यावरून ‘प्राचीनांना वस्तूंची चेतना माहीत होती’ असे संदेश फिरायला वेळ लागत नाही, आणि विश्वाला आपली इच्छा कळवा, ते ती पुरी करतं असं शिकवणारी शिबिरं तर पैसे घेऊन चालतात. शिरीषाची पानं मिटतात त्याचं कारण पानाच्या देठाशी असलेल्या फुगीर भागातल्या पेशी. पोटॅशियमचे आयन आत-बाहेर जातात, त्यामागोमाग पाणी जातं, एका बाजूच्या पेशी फुगतात, दुसऱ्या बाजूच्या सैलावतात. पतंजली एका प्रत्ययाचा वापर सिद्ध करण्याचे मार्ग तपासत होता. त्याच्या नावावर पदार्थविज्ञानाचा शोध खपवणं हा त्याच्या काटेकोरपणाचाच अपमान आहे.

इच्छेकडून कलाकडे आणि तिथून भविष्यकाळाकडे जाणारी ही वाट जगभरच्या भाषांनी एकमेकींना न विचारता तुडवली आहे. इंग्रजीतलं ‘विल’ हे भविष्यकाळाचं सहायक क्रियापद मुळात ‘इच्छिणे’ या अर्थाचं होतं. जर्मनमध्ये ते आजही त्याच अर्थाने जिवंत आहे, त्यामुळे जर्मन ‘इश विल’ म्हणजे ‘मला हवं आहे’, आणि इंग्रजी शिकून जर्मनकडे वळलेला विद्यार्थी इथे हटकून फसतो. स्वाहिलीत ‘अनाताका कुजा’ म्हणजे त्याला यायचं आहे, आणि ‘अताकुजा’ म्हणजे तो येईल. ‘ताका’ या इच्छावाचक क्रियापदाचा ‘ता’ एवढाच तुकडा भविष्यकाळाची खूण म्हणून उरला. ग्रीकमध्ये ‘थेलो’, म्हणजे ‘मी इच्छितो’, यापासून झिजत झिजत ‘था’ हे अव्यय झालं. फारसीत ‘ख्वाहम रफ्त’ म्हणजे ‘मी जाईन’, आणि त्यातला ‘ख्वाह’ हा ‘ख्वाहिश’मधलाच. बल्गेरियन, रुमेनियन, अल्बेनियन यांनीही हेच केलं. भाषावैज्ञानिक या प्रक्रियेला व्याकरणीकरण म्हणतात.

ती घडते कशी? ‘त्याला जायचं आहे’ असं कुणी म्हणालं की ऐकणारा मनात पुढची पायरी भरतो: म्हणजे हा जाणार. बोलणाऱ्याने तसं म्हटलेलं नसतं, ते अनुमान असतं. पण तेच अनुमान पिढ्यान्‌पिढ्या, लाखो संवादांत निघत राहिलं की ते शब्दाच्या अर्थातच मुरतं. निर्णायक क्षण येतो तो कर्ता निर्जीव झाल्यावर. ‘पावसाला पडायचं आहे’ हे वाक्य ऐकून कुणालाच हसू आलं नाही की समजावं, इच्छा गळून पडली आणि निव्वळ भाकीत उरलं. अर्थ पातळ झाला की उच्चारही आखडतो, कारण त्या शब्दावर आता आघात येत नाही. म्हणून ‘थेलो’चा ‘था’ आणि ‘ताका’चा ‘ता’. ही वाट बहुतेक एकाच दिशेने जाते. भविष्यकाळाच्या प्रत्ययापासून इच्छेचं क्रियापद घडल्याचं सहसा दिसत नाही.

मराठीने भविष्यकाळ या वाटेने घडवला नाही, पण होऊ घातलेल्या गोष्टींसाठी तिने हीच वाट धरली. ‘बेत’ घ्या. सहलीचा बेत, पुरणपोळीचा बेत. बेत करायला मन लागतं. तरी आपण ‘इमारत कोसळण्याच्या बेतात आहे’ असं सहज म्हणतो. गंमत अशी की ‘इमारतीचा कोसळायचा बेत आहे’ हे चालत नाही. निर्जीव कर्त्याबरोबर फक्त ‘बेतात’ हे एकच रूप चालतं, आणि एखादं रूप असं गोठणं ही व्याकरणीकरणाची ठळक खूण आहे. ‘तयार’चंही तसंच. ‘दार उघडायला तयार नाही’ हे रोजचं बोलणं, पण ‘दार उघडायला तयार आहे’ असं म्हटलं तर ऐकणारा बिचकतो. माझ्या मते कारण असं, की वस्तू आपल्या मनाविरुद्ध अडली की तिला मन असल्यासारखं वाटतं, ती मुकाट चालते तेव्हा वाटत नाही. इंग्रजीतही दार ‘उघडणार नाही’ म्हणताना त्याच जुन्या ‘विल’मधला हट्ट आजही ऐकू येतो.

‘हवं’ आणि ‘पाहिजे’ यांची गोष्ट वेगळी. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप, ‘कीजे’, ‘दीजे’ यांच्या घराण्यातलं. पाहिलं जातं, शोधलं जातं, म्हणून लागतं. त्यामुळे ‘झाडाला पाणी पाहिजे’ यात झाडावर इच्छा लादली जात नाही, गरज तेवढी सांगितली जाते. इंग्रजी ‘वाँट’चा मूळ अर्थही ‘उणीव असणे’ असाच होता, इच्छा त्यात नंतर शिरली. पण ‘भिंतीला पडायचं आहे’ म्हटलं की मराठी वाक्य थेट लहान मुलांच्या गोष्टीत जाऊन बसतं. इंग्रजीतली इच्छा शब्दशः मराठीत आणली की ती मूळापेक्षा कितीतरी गडद होते ती इथे. इंग्रजी वाचकाच्या दृष्टीने तिथलं ‘वाँट’ बरंचसं फिकं झालेलं असतं. मराठीतलं ‘-यचं आहे’ फिकं झालेलं नाही.

म्हणून मी भाषांतर करताना आधी पाहतो की मुळातल्या इच्छेचा रंग कितपत उरला आहे. सांख्यिकीत आकडे एका बाजूला झुकत असतील तर ‘कल’ पुरेसा आहे, कारण त्यात उतार आहे आणि मन नाही. माणसाच्या किंवा प्राण्याच्या वागण्यातलं सातत्य सांगायचं तर ‘प्रवृत्ती’. अणूंबद्दल मात्र या दोन्हींपेक्षा ऊर्जेचा हिशेब लिहिणं बरं: ‘असं झाल्यावर एकूण ऊर्जा कमी होते’. वाक्य लांबतं, लांबू द्यावं.

सगळ्यात अवघड प्रकरण सध्या संगणकांचं आहे. एखादी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली बंद होणं ‘टाळू इच्छिते’ अशा अर्थाची इंग्रजी वाक्यं आता भाषांतराला येतात. ‘तिला बंद व्हायचं नाही’ असं लिहिलं तर तिला मन आहे असा निवाडा देऊन मोकळे झालो. ‘बंद न होण्याकडे तिचा कल आहे’ लिहिलं तर मन नाही असा उलटा निवाडा झाला. अशा ठिकाणी मी ‘-ऊ पाहणे’ वापरतो. ‘तो मला फसवू पाहतो’ यात हेतू आहे, ‘दिवा विझू पाहतो’ यात नाही, आणि क्रियापदाचं रूप दोन्हीकडे तेच. ‘प्रणाली बंद होणं टाळू पाहते’ एवढं लिहावं आणि लगेच पुढच्या वाक्यात तिने नेमकं काय केलं ते सांगावं: कोणती आज्ञा मिळाली होती, तिने कोणती पायरी गाळली, कोणती फाइल बदलली. दोरी, खुंटी आणि पेंढी वाचकाला दिसली की अनुमान त्याचं त्याला काढता येतं.