निवृत्त नेमके कोणाला म्हणायचे? नागपूरच्या कामगारांमधील नैराश्याची पार्श्वभूमी

रेल्वेतून ६०व्या वर्षी हारतुरे घेऊन बाहेर पडलेला कामगार आणि ४८व्या वर्षी मिलच्या फाटकावरची नोटीस वाचून घरी परतलेला कामगार, दोघांच्याही फॉर्मवर ‘निवृत्त’ हेच लिहिले जाते. नैराश्याचा धोका मोजताना सगळा घोळ इथेच सुरू होतो. पहिल्याला तारीख आधीपासून ठाऊक होती. दुसऱ्याचे काम काढून घेतले गेले. इच्छेविरुद्ध काम सुटणे हा नैराश्याचा वेगळा आणि मोठा धोका आहे, आणि एका शब्दाखाली तो झाकला जातो. ‘व्हीआरएस’मधल्या, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनेतल्या, ‘स्वेच्छा’चेही तेच. मिल बंदच होणार असताना केलेल्या सहीला स्वेच्छा म्हणणे आम्हाला पटत नाही.

नागपूरची एम्प्रेस ही कापड मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. कामगारांसाठी पेन्शन फंड तिथे १८८०च्या दशकातच होता. पुढे १९८६ मध्ये मिल राज्याच्या महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली.

आजचा प्रश्न बराचसा १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या, भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेच्या हिशेबात आहे. सूत्र असे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. त्यात १९९५ नंतरचीच वर्षे धरतात. आधीच्या सेवेपोटी वेगळ्या तक्त्याप्रमाणे छोटी ठरावीक रक्कम मिळते. म्हणजे १९७५ ला लागून २००२ ला बाहेर पडलेल्याची २७ वर्षांपैकी जेमतेम ७ वर्षे सूत्रात येतात. पगार त्या वेळच्या कमाल मर्यादेचा, ६,५०० रुपये धरला, तरी महिना ६५० रुपये. वयाच्या ५८च्या आधी पेन्शन सुरू केली तर वर्षामागे कपात, ती आता ४ टक्के आहे. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान १,००० रुपये ठरले, पण या पेन्शनला महागाई भत्ता नाही. शेजारच्या सरकारी पेन्शनरचा भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. पैशाच्या ओढीबरोबर ही रोजची तुलनाही माणसाला आतून पोखरते.

बाकीची कारणे शरीरात साचलेली असतात. विणकाम खात्यातल्या मागांच्या आवाजाने कान गेलेला माणूस हळूहळू पारावरच्या गप्पांतून बाजूला होतो. कामाच्या पाळ्या बदलून बदलून झोप मोडलेली असते. त्यात जोडीदाराचा मृत्यू, मधुमेह, दारू.

इकडचा कामगार ‘नैराश्य’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘गमत नाही’ (करमत नाही), नाहीतर डोके, गुडघे, पोट दुखते म्हणून सांगतो. त्यामुळे वर्षानुवर्षे उपचार गुडघ्यांवरच होतात. वृद्धांमधले नैराश्य ओळखण्यासाठीची १५ प्रश्नांची हो-नाही चाचणी १९८०च्या दशकात आली. तिच्यात ५ किंवा जास्त गुण आले की पुढे तपासायचे. पण बाहेर जाण्यापेक्षा घरीच राहावेसे वाटते का, असा एक प्रश्न तिच्यात आहे. नागपुरात मे महिन्यात, पारा ४५च्या पुढे असताना, धडधाकट माणूसही ‘हो’ म्हणेल. तिथे ‘थंडीतही असेच वाटते का?’ हे विचारून घ्यावे. औषध सुरू करण्याआधी थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन पाहावे. नैराश्याच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाच्या रक्तातले सोडियम उतरते. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गोंधळल्यासारखे वागणे दिसले तर ते वयावर ढकलू नये, लगेच रक्त तपासावे. गोळीचा गुण यायला २ ते ४ आठवडे, कधी जास्त लागतात. ‘फरक नाही’ म्हणून १० दिवसांत गोळी सोडणारे बरेच.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, त्याचा जिल्हा पातळीवरचा भाग १९९६ चा. ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी १४४१६ (टेली-मानस) हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतूनही बोलता येते. मात्र मागांनी कान नेलेल्या माणसाला फोनवरचे बोलणे अर्धेच पोचते. अशा वेळी स्पीकर लावून घरातल्या कोणीतरी शेजारी बसावे आणि पलीकडचा प्रत्येक प्रश्न त्याच्याकडे तोंड करून, सावकाश पुन्हा विचारावा.