एमआरआयमध्ये ‘फाटलंय’ दिसलं, म्हणजे ऑपरेशनच?

क्रिकेटच्या ग्रुपांवर फिरणारा जुना समज: थ्रो करताना खांदा दुखतो आणि एमआरआयमध्ये लॅब्रम (खांद्याच्या खोबणीभोवतीची कूर्चेची कड) फाटलेलं दिसतं, म्हणजे ऑपरेशनशिवाय सुटका नाही.

रिपोर्ट खोटा नसतो, म्हणून हे पटतं. पण वर्षानुवर्षं जोरात चेंडू फेकणाऱ्या अनेकांच्या खांद्यात, काही दुखत नसतानाही, असेच बदल दिसतात. दुखणं त्यातूनच येतंय का, हे प्रत्यक्ष तपासूनच कळतं.

एक गोष्ट घरी पाहता येते. पाठीवर झोपा, दंड बाजूला ९० अंशांत, कोपर काटकोनात, पंजा छताकडे. दुसऱ्याने खांदा पुढून हलका दाबून धरावा. आता कोपर जागेवर ठेवून पंजा पायांकडे न्या, मग डोक्याकडे. फेकणारा हात पायांकडे कमी आणि डोक्याकडे जास्त वळणं स्वाभाविक आहे. दोन्हींची बेरीजच दुसऱ्या हातापेक्षा कमी भरली, तर खांदा मागून आखडलेला असू शकतो. नेमके अंश फिजिओ मोजतील.

उपचार बहुधा इथूनच सुरू होतात. थ्रो बंद, हात मात्र चालू. दंड छातीवरून आडवा ओढून ३० सेकंद, तीन-चार वेळा. कोपर कुशीला ठेवून रबर बँड बाहेर ओढणं, १५चे तीन सेट. शिवाय खांद्याच्या पात्याचे व्यायाम. साधारण तीन महिने द्यावेत. बिघडतं ते बहुतेकदा शेवटी: दुखणं थांबताच थेट सीमारेषेवरून थ्रो. सुरुवात १०-१५ मीटरवरून, एक दिवसाआड करा.

खांदा निखळला, पडल्यावर हात उचलेना किंवा हात बधिर झाला, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.