घाटीतली जर्नले आणि गावातले वाचनालय

जालना आणि हिंगोलीत २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आणि मराठवाड्याचा एक जुना अनुशेष भरून निघाला. आता आठही जिल्ह्यांत असे महाविद्यालय आहे. महाविद्यालय आले की ग्रंथालय आलेच, त्याशिवाय मान्यता मिळत नाही. शिकणारी मुले आणि प्राध्यापक यांची त्याने सोय होते. पण ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर, उपकेंद्रातली एएनएम (परिचारिका-प्रसूतिसेविका), गावातली आशाताई आणि खुद्द पेशंट यांच्यापर्यंत त्यातले काय पोचते? फारसे काही नाही. असे का झाले, हे समजायला निजामाच्या काळापासून सुरुवात करावी लागते.

तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि वैद्यकीय शिक्षण, मोठे ग्रंथालय, दोन्ही राजधानीतच होते. हैदराबादचे मेडिकल स्कूल १८४६ चे. तिथे सुरुवातीला उर्दूतून शिकवत. सार्वजनिक वापराचे मोठे आसफिया ग्रंथालय १८९१ मध्ये सुरू झाले. पुढे उस्मानिया विद्यापीठासाठी भाषांतराचे स्वतंत्र खातेच उभे राहिले आणि त्याने वैद्यकाची पुस्तकेही उर्दूत आणली. डॉक्टरला लोकांच्या व्यवहारातल्या भाषेजवळ नेण्याचा तो मोठा प्रयत्न होता आणि त्याची नोंद आदरानेच घ्यायला हवी. पण परभणी-बीडच्या खेड्यातला माणूस मराठी बोलणारा. त्याच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. मराठी वाचनालये लोकांनी वर्गणी काढून उभी केली आणि संस्थानी पोलिसांची त्यांच्यावर नजर असे. त्यांच्या कपाटांत कथा-कादंबऱ्या, संतवाङ्मय, वर्तमानपत्रे होती. वैद्यकाचे पुस्तक तिथे असण्याचे कारणच नव्हते.

१९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मराठवाडा त्याला आणि त्याच्या रुग्णालयाला मिळून ‘घाटी’ म्हणतो. हैदराबादमधली जुनी ग्रंथसंपत्ती तिकडेच राहिली, इथे पहिल्या पुस्तकापासून जमवाजमव करावी लागली. मग १९७४ मध्ये अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९८८ मध्ये नांदेडला आणि २००२ मध्ये लातूरला. जिथे महाविद्यालय, तिथे जर्नले, म्हणजे नवे संशोधन छापणारी नियतकालिके. बाकी तालुक्यांतल्या डॉक्टरला कॉलेजात वापरलेले पाठ्यपुस्तक आणि औषध कंपनीचा प्रतिनिधी हातात देतो ती माहितीपत्रके, एवढ्यावरच बरीच वर्षे भागवावे लागले.

विंचूदंशाचे उदाहरण घ्या. डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले. त्यांनी महाडकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाच्या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने जीव वाचतात हे दाखवले. १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. एका साध्या सरकारी केंद्रातले काम लंडनच्या जर्नलपर्यंत गेले, याचा अभिमान आहेच. आता उलट दिशेने पाहा. ते जर्नल घेणाऱ्या ग्रंथालयात अंक टपालाने पोचे. पण विंचवाचे पेशंट रात्री-बेरात्री ज्याच्या दारात येत, त्या तालुक्याच्या डॉक्टरला त्या कपाटापर्यंत नेणारी कुठलीच व्यवस्था नव्हती. लेखाची झेरॉक्स काढून पोस्टाने पाठवायची म्हटले तरी ते काम कोणाचे, हे ठरलेले नव्हते.

अमेरिकेत नेमके हेच ठरवले गेले होते. तिथल्या १९६५ च्या वैद्यकीय ग्रंथालय कायद्याने विभागवार मोठी ग्रंथालये नेमली आणि आसपासच्या लहान रुग्णालयांना साहित्य पुरवणे हे त्यांचे काम झाले. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये आला. त्याने वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग आणि परिरक्षण अनुदान दिले, विभागीय आणि जिल्हा ग्रंथालयांची रचना आखली. गावोगावी वाचनालये टिकली ती यामुळे. मात्र रुग्णालयांशी त्यांचा सांधा जोडला गेला नाही. खातीही वेगवेगळी आहेत. वाचनालये ग्रंथालय संचालनालयाकडे, घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. माझ्या मते खरा अडसर पैशापेक्षा इथे आहे.

इंटरनेटने महाविद्यालयांचे चित्र पालटले. १९९७ पासून पबमेड ही वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची सगळ्यांना मोफत खुली झाली. दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने ईआरमेड हा ई-जर्नले मिळून घेणाऱ्या ग्रंथालयांचा संघ चालवला. सरकारी संस्थांना एकाच सामायिक वर्गणीत जर्नले देणाऱ्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये आणि सुमारे तेरा हजार जर्नले. त्यामुळे सरकारी महाविद्यालयापुरती छोट्या-मोठ्या शहराची दरी पुष्कळ कमी होईल.

पेशंटच्या बाजूला मात्र सामसूम आहे. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाडाभरातून माणसे येतात. नातेवाईक हातात फाइल धरून बसलेले असतात. रिपोर्ट इंग्रजीत, केमोची तारीख पुढची, आणि जेवायला काय द्यायचे, केस गेले तर परत येतात का, बाकीच्यांना लागण होते का, हे प्रश्न शेजारच्या खाटेवरच्यालाच विचारले जातात. गावी परतल्यावर वाचनालयात जावे तर आरोग्याच्या फळीवर मधुमेहावरचे घरगुती उपाय, योगासने, एखादे आजीबाईच्या बटव्याचे पुस्तक. कोणते जुने झाले, कोणते धोक्याचे आहे, हे ग्रंथपालाला सांगायला कोणी डॉक्टर तिथे फिरकत नाही. करोनात तर २०२० च्या मार्चपासून १५ ऑक्टोबरपर्यंत वाचनालयांना कुलूपच होते. नेमक्या त्याच महिन्यांत व्हॉट्सअॅपवर काढ्यांपासून अफवांपर्यंत सगळे फिरत होते.

काम झालेच नाही असे नाही. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ तयार केल्या, तेही आशा योजना येण्याच्या बरेच आधी. कमी शिकलेली बाईही नीट समजावले तर ताप, जुलाब, बाळंतपणातले धोके ओळखते, हे तिथे दिसले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानंतर आशाताईंसाठी मराठीत चित्रांच्या पुस्तिका आल्या. प्रशिक्षणात त्या मिळतात. त्यानंतर नवे काही विचारायचे झाले तर वाट पाहायची ती आरोग्य केंद्रातल्या मासिक बैठकीची.

‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र त्यात बसत नाही. म्हणजे अंबाजोगाईच्या महाविद्यालयातल्या निवासी डॉक्टरला जो लेख आज मोबाइलवर उघडता येतो, तो बीड जिल्ह्यातल्याच केंद्रावर गेलेल्या त्याच्या मित्राला मागून घ्यावा लागतो. केंद्रातली एएनएम तर कोणाकडे मागणार?