मंडालेच्या दॉ अमार: दैनिक बंद पडल्यानंतरची चाळीस वर्षे

मंडाले म्हटले की मराठी माणसाला टिळकांचा तुरुंग आठवतो. टिळक जून १९१४ मध्ये तिथून सुटले. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९१५ रोजी, त्याच शहरात दॉ अमार यांचा जन्म झाला. बर्मा आजही त्यांना ‘लुडू’ दॉ अमार म्हणूनच ओळखतो. लुडू म्हणजे जनता, आणि हेच त्यांच्या वर्तमानपत्राचे नाव. ‘दॉ’ हे तिथे बाईंच्या आणि ‘ऊ’ हे पुरुषांच्या नावाआधी लावायचे आदरार्थी संबोधन.

रंगून विद्यापीठात शिकताना १९३६ च्या गाजलेल्या विद्यार्थी संपात त्या उतरल्या. बर्माच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते आंग सान पुढे आले तोच हा संप. १९३८ मध्ये एका ब्रिटिश न्यायाधीशाच्या आठवणींचा त्यांनी केलेला बर्मी अनुवाद गाजला. १९३९ मध्ये लेखक-प्रकाशक ऊ ह्ला यांच्याशी लग्न झाले आणि संसार मंडालेत थाटला. युद्ध संपताच १९४५ मध्ये दोघांनी ‘लुडू’ साप्ताहिक काढले आणि वर्षभरात दैनिकही सुरू केले.

वर्तमानपत्र डावे होते आणि ते लपवतही नव्हते. त्याची किंमत स्वतंत्र बर्मातही मोजावी लागली. यादवीच्या धामधुमीत सरकारी सैनिकांनी त्यांचा छापखाना सुरुंग लावून उडवला. घरच्यांना गोळ्या घालण्यासाठी रस्त्यावर रांगेत उभे केले होते. त्यात गरोदर बायकाही होत्या. शहरातले भिक्खू आणि शेजारीपाजारी मध्ये पडले म्हणून सगळे वाचले.

१९५३ मध्ये दॉ अमार कोपनहेगनच्या महिला परिषदेला गेल्या. त्याच वर्षी ऊ ह्ला राजद्रोहाच्या आरोपाखाली गजाआड गेले ते १९५७ पर्यंत. तिथे त्यांनी कैद्यांना बोलते करून त्यांच्या जीवनकथा टिपल्या. सामान्य माणसाजवळ बसायचे, ऐकायचे आणि लिहायचे ही या घराची खरी शैली.

१९६२ मध्ये ने विन यांचे लष्करी राज्य आले. ७ जुलै १९६७ रोजी ‘लुडू’ला कायमचे टाळे लागले. भूमिगत कम्युनिस्टांत गेलेला थोरला मुलगा त्याच वर्षी पक्षांतर्गत कत्तलीत मारला गेला, आणि तोही स्वपक्षीयांच्याच हातून. दुसरा मुलगा तेव्हा कैदेत होता.

अनेक चरित्रलेखांत इथून पुढे फक्त ‘सांस्कृतिक लेखन’ एवढा उल्लेख येतो. मला तो अपुरा वाटतो. रात्रभर चालणाऱ्या ‘प्वे’ या बर्मी लोकनाट्याचे नट, नर्तक आणि वादक हे तिथल्या लोकांचे लाडके, पण त्यांचा लिखित इतिहास तुटपुंजा होता. दॉ अमार यांनी पो सेन, आंग बाला, श्वे मान टिन माँग या कलावंतांची चरित्रे लिहिली. तमाशातल्या फडमालकांचा इतिहास एखाद्या संपादिकेने निगुतीने जमवावा, तसे हे काम. राजकारणावर लिहायची सोय उरली नाही, तरी विषय जनताच राहिला.

सरकारला हे कळत असावे. १९७८ मध्ये दॉ अमार, ऊ ह्ला आणि धाकटा मुलगा न्यी पु ले अशा तिघांना पकडून वर्षभराहून अधिक काळ डांबले. १९८२ मध्ये ऊ ह्ला गेले. १९९० मध्ये न्यी पु ले, जे स्वतः कथाकार, पुन्हा तुरुंगात गेले ते १९९९ मध्येच सुटले.

उतारवयात दॉ अमार मासिकांतून आईने मुलांना चार शब्द सांगावेत तशी सदरे लिहीत. नव्या पिढीच्या कपड्यांवर आणि चालीरीतींवर त्या सडकून टीका करत. डाव्या विचारांच्या बाईंची ही जुन्या वळणाची बाजू कित्येकांना खटकली, तरी त्यांच्या वाढदिवसाला मंडालेजवळच्या अमरपुऱ्याच्या विहारात लेखकांची गर्दी होतच राहिली.

७ एप्रिल २००८ रोजी मंडालेतच त्यांचे निधन झाले. बर्मात छपाईपूर्व सेन्सॉरशिप उठली २०१२ मध्ये आणि खाजगी दैनिके पुन्हा निघाली १ एप्रिल २०१३ पासून.