मोठं भांडं, मोठी आच म्हणजे जास्त गुलाबजल? नाही!

घरी गुलाबजल काढणाऱ्यांमध्ये हा समज घट्ट रुतून बसलाय. दादरच्या फुलबाजारातून आणलेल्या पाव किलो सुवासिक देशी गुलाबांना दीड लिटर पाणी आणि ५ लिटरचं स्टीलचं भांडं पुरतं. निम्म्याहून जास्त भरलं तर फेस वाफ बाहेर नेणाऱ्या नळीत चढतो.

खरी मर्यादा वाफ गार करण्याची आहे. एक लिटर अर्क, म्हणजे वाफ गार होऊन जमलेलं गुलाबजल, उतरवताना गार करणारं नळाचं पाणी २८ अंशांवरून ५० पर्यंत तापू दिलं, तरी सुमारे २५ लिटर लागतं. २००० वॉटच्या इंडक्शनवर तासाला अडीच लिटर पाण्याची वाफ होते. बादलीतल्या गार पाण्यात बुडवलेली नळीची गुंडाळी तेवढी वाफ पेलत नाही, आणि सुगंध वाफेबरोबर घरभर उडून जातो.

म्हणून गॅसचा लहान बर्नर मंद ठेवा. बरेच इंडक्शन कमी वॉटवर चालू-बंद होत राहतात. वाफ थांबली की भांडं नळीतून अर्क मागे ओढतं, त्यामुळे नळीचं टोक अर्कात बुडवू नका. कुकर वापरत असाल तर सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही बुजवू नये, हे कळकळीचं सांगणं. अर्धा लिटर उतरला की थांबा. तळ कोरडा पडला तर पाकळ्या करपून अर्काला जळका वास लागतो.